पाचशे ओहमचा पेशंट

टेबलावरचा पेशंट बोटाच्या पेराएवढा आहे: ५०० ओहमचा एक रेझिस्टर. त्याच्या दोन टोकांना मशीनच्या वायरी जोडल्यात आणि तिथेच ऑसिलोस्कोपचा प्रोब लावलाय. पॅड नीट चिकटलेलं शरीर विजेच्या झटपट ठोक्यांना साधारण एवढा अडथळा करतं असं धरून आयईसी ६०६०१-२-१० या मानकातल्या मुख्य मर्यादा याच आकड्यावर बांधल्या आहेत. त्यामुळे पुण्याजवळच्या या प्रयोगशाळेत कंबरदुखीचं मशीन तपासायला कंबर लागत नाही.

मशीन टेन्सचं. फिजिओथेरपीच्या दवाखान्यात आजीआजोबा ‘करंट घ्यायला’ जातात, तेच. त्वचेवरून मज्जातंतूंना विजेचे सौम्य ठोके द्यायचे आणि दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचण्याआधी मज्जारज्जूतच अडवायचा. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या ‘गेट कंट्रोल’च्या कल्पनेतून हे उपचार निघाले. दोनच वर्षांनी वॉल आणि स्वीट यांनी असे ठोके आधी स्वतःच्याच चेहऱ्यातल्या मज्जातंतूला देऊन पाहिले. रेझिस्टरवर भागवण्याची सोय त्यांना नव्हती.

इंजिनिअर आवाज कमी केल्यासारखा नॉब पार खाली आणतो. तळाशी असताना आउटपुट कमालच्या दोन टक्क्यांहून जास्त नको. मग एकेक पायरी वर. बटणाची पायरी एक मिलिअँपिअर किंवा एक व्होल्टपेक्षा मोठी चालत नाही. नाहीतर पेशंट ‘थोडं वाढवा’ म्हणायचा आणि टुणकन उडायचा. पडद्यावर चौकोनी लाट उभी राहते, आधी वर, लगेच तेवढीच खाली. हे खाली जाणं महत्त्वाचं. करंट एकाच दिशेनं वाहत राहिला तर पॅडखाली एका बाजूला आम्ल, दुसऱ्या बाजूला अल्कली साचून कातडी भाजते.

नॉब टोकाला गेला. ८० मिलिअँपिअर, लाटेचा प्रत्येक अर्धा भाग २०० मायक्रोसेकंदांचा, सेकंदाला १०० ठोके. रेझिस्टरवर शिखराला ४० व्होल्ट. एका ठोक्याची ऊर्जा जेमतेम १.३ मिलिज्यूल भरते. मुभा आहे ३०० पर्यंत. आरएमएस करंट १६ मिलिअँपिअर, मुभा ५०. मला वाटलं, झालं, पास.

‘‘थांबा, पॅड कुठलं देणार आहेत बघू,’’ असं म्हणत त्यानं खोकं उघडलं. पाच बाय पाच सेंटिमीटरचं पॅड म्हणजे २५ चौरस सेंटिमीटर. १६ भागिले २५, पाऊणही नाही, जेमतेम ०.६४. पण त्याच खोक्यात मानेसाठी म्हणून तीन सेंटिमीटर व्यासाची गोल पॅडंही होती. त्यांचं क्षेत्रफळ सातच्या आसपास. त्यानं कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवला: २.२६. चौरस सेंटिमीटरला दोन मिलिअँपिअरच्या वर गेलं की वापरणाऱ्याला विशेष खबरदारीची सूचना पुस्तिकेत द्यावीच लागते. मशीन तेच, नॉब तिथेच आणि धोका आला दहावीस रुपयांच्या चिकटपट्टीतून. जाहिरातीत चॅनेल आणि मोड मोजणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

पुढच्या खोलीत स्थिर विजेची बंदूक. हिवाळ्यात स्वेटर काढताना बसतो तसला चटका, पण मोजून मापून: स्पर्शानं ८ हजार व्होल्ट, हवेतून १५ हजार. टिचकीसारखा आवाज होतो आणि सगळ्यांचे डोळे स्कोपकडे जातात. मशीन बंद पडून पुन्हा शून्यावर आलं तर एकवेळ चालेल. आउटपुट उसळी मारून वर गेलं तर खैर नाही.

एवढं झाल्यावर कागद. भारतात वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ चे. शरीराला ऊर्जा देणारं उपचाराचं उपकरण बी वर्गात, ती ऊर्जा घातक ठरू शकत असेल तर सी. टेन्स बी वर्गात बसतं. अर्ज एमडी-३, परवाना एमडी-५, देणार राज्याचं प्राधिकरण, म्हणजे आपल्याकडे एफडीए. ए आणि बी वर्गाला परवाना सक्तीचा झाला तो १ ऑक्टोबर २०२२ पासून. म्हणजे त्याआधी कितीतरी वर्षं हे ठोके बिनपरवानाच आपल्या गुडघ्यांवर पडत होते.

फाइलमधला कळीचा मजकूर मात्र दोन ओळींचा असतो: उपकरण कशासाठी वापरायचं. अमेरिकेत २८ मे १९७६ ला वैद्यकीय उपकरणांसाठीचा कायदा बदलला तेव्हा टेन्ससारखी यंत्रं आधीच बाजारात होती. मग नव्यानं ‘मी त्या जुन्यासारखाच’ हे दाखवायचं, की ५१०-के खाली वाट मोकळी. सुरक्षिततेपुरतं हे ठीक आहे. पण दुखणं खरंच किती कमी होतं, हा प्रश्न या साखळीत दर वेळी आधीच्या कडीवर ढकलला जातो, आणि मला ते खटकतं. सेफाली या कपाळावर लावायच्या उपकरणाला ही सोय मिळाली नाही, कारण त्याचा दावा अर्धशिशी टाळण्याचा होता आणि त्याला जुना जोडीदारच नव्हता. मार्च २०१४ मध्ये त्याला परवानगी मिळाली ती ‘डी नोव्हो’ मार्गानं, बेल्जियममधल्या ६७ जणांच्या चाचणीवर आणि २,३१३ वापरकर्त्यांच्या पाहणीवर. त्या पाहणीत समाधानी होते निम्म्याहून थोडे अधिक. हा आकडा अमेरिकेच्या एफडीएनं लपवला नाही, हे मला आवडलं.

आपलं टेन्स बनवणाऱ्या कंपनीच्या माणसालाही खोक्यावर ‘मायग्रेन’ हवं होतं. त्यांच्या फाइली सांभाळणाऱ्या बाई हसल्या. ‘‘साहेब, लेबलचा फॉन्ट बदला, रंग बदला, तीस दिवसांत कळवलं की झालं. पण नवं दुखणं लिहायचं तर आधी मंजुरी. आणि तसं उपकरण आपल्याकडे आधी कुणाला मंजूर झालेलं नसलं, तर पेशंटवर चाचणी करून एमडी-२६ भरा.’’

‘‘आणि ती छोटी पॅडं?’’

‘‘ती राहू देत. पण पुस्तिकेत इशारा छापून आणा, मगच अर्ज अपलोड करते.’’