सर्व्हरच्या पोटात : डी ड्राइव्हचा ई करताना

गेल्या आठवड्यात बॅकअपबद्दल लिहिलं होतं. तो घेतलेला आणि दुसऱ्या मशीनवर एकदा उतरवून पाहिलेला असेल, तरच आजचं काम हाती घ्यावं. काम आहे चालत्या डेटाबेस सर्व्हरवरच्या ड्राइव्हचं अक्षर बदलण्याचं.

ही वेळ अलीकडे बरेचदा क्लाउडमुळे येते. ऑफिसातल्या सर्व्हरवर एसक्यूएल सर्व्हरच्या फायली वर्षानुवर्षं डी ड्राइव्हवर सुखाने नांदत असतात. मग सगळं मायक्रोसॉफ्टच्या अझुरवर न्यायचं ठरतं, आणि तिथल्या बऱ्याच विंडोज मशीनवर डी हे अक्षर तात्पुरत्या डिस्कला दिलेलं असतं. मशीन दुसऱ्या हार्डवेअरवर गेलं की ती डिस्क कोरी होऊ शकते. तिचं अक्षर बदलून डी मोकळं करता येतं, पण तिच्यावर सहसा पेजफाइल बसलेली असते आणि ती आधी हलवावी लागते. त्यापेक्षा आपला डेटा ईवर नेणं बरं, असं बहुतेक जण ठरवतात.

अशा वेळी कुणीतरी हमखास म्हणतं, 'काढून टाका आणि नव्याने इन्स्टॉल करा.' मला हा सल्ला अजिबात पटत नाही. नव्याने इन्स्टॉल केलं की लॉगिन, रात्रीचे जॉब, लिंक्ड सर्व्हर, एन्क्रिप्शनची सर्टिफिकेटं, बसवलेले पॅच हे सगळं पुन्हा उभं करावं लागतं. त्यातलं काय राहून गेलं ते सोमवारी सकाळी लोक कामाला बसले की कळतं. एवढी जोखीम एका अक्षरासाठी घ्यायची गरज नाही.

कारण विंडोजच्या दृष्टीने अक्षर ही फार वरवरची गोष्ट आहे. ही रीत सीपी/एमच्या काळातली, तिथून ती डॉसमध्ये आणि पुढे विंडोजमध्ये आली. विंडोज 2000पासून अक्षरं वाटण्याचं काम माउंट मॅनेजर करतो. प्रत्येक व्हॉल्यूमला तो एक लांबलचक ओळख देतो, आणि अक्षर त्या व्हॉल्यूमकडे फक्त बोट दाखवतं. रजिस्ट्रीत 'माउंटेड डिव्हायसेस' ही की उघडून पाहा. जुन्या एमबीआर पद्धतीची डिस्क असेल, तर डी या अक्षरासमोर अवघे 12 बाइट दिसतील. पहिले 4 म्हणजे डिस्कची सही. उरलेले 8 म्हणजे पार्टिशन डिस्कवर कुठून सुरू होतं तो आकडा. डीचा ई करताना ही नोंद तेवढी नव्या अक्षराखाली जाते. फायलींना हात लागत नाही, त्यांच्यावरच्या परवानग्याही जशाच्या तशा राहतात. फायली कॉपी करून नव्या डिस्कवर नेल्या, तर सर्व्हिसच्या खात्याला परवानगी द्यायची राहते आणि 'ॲक्सेस डिनाइड' समोर येतं. इथे तो त्रास नाही.

खरी गुंतागुंत डेटाबेसच्या आठवणीत आहे. एसक्यूएल सर्व्हर आपल्या फायलींचे पत्ते अक्षरासकट लिहून ठेवतो. बहुतेक डेटाबेसचे पत्ते मास्टर डेटाबेसमध्ये असतात. मास्टरचा स्वतःचा पत्ता मात्र मास्टर उघडण्याआधीच लागतो, म्हणून तो रजिस्ट्रीतल्या स्टार्टअप पॅरामीटरमध्ये असतो: -डी पुढे डेटा फाइल, -एल पुढे लॉग, -ई पुढे एररलॉग. बाकीचे पत्ते विखुरलेले: नव्या डेटाबेसची आणि बॅकअपची ठरलेली फोल्डरं, एसक्यूएल एजंटच्या लॉगची जागा, आणि कधीकाळी कुणीतरी जॉबच्या पायरीत हाताने टाइप केलेला मार्ग. हे शेवटचे सगळ्यात जास्त छळतात, कारण सर्व्हर व्यवस्थित सुरू होतो आणि रात्री दोन वाजता बॅकअप मात्र पडतो.

म्हणून क्रम उलटा ठेवायचा: आधी आठवण बदलायची, मग अक्षर. सर्व्हर चालू असतानाच सगळ्या फायलींच्या पत्त्यांची यादी काढून दुसऱ्या मशीनवर ठेवा. मग डीवरच्या प्रत्येक फाइलीसाठी 'ऑल्टर डेटाबेस'मधला 'मॉडिफाय फाइल' आदेश नव्या मार्गासह द्या. सर्व्हर सांगतो की नवा मार्ग डेटाबेस पुढच्या वेळी सुरू होताना लागू होईल. मॉडेल आणि एमएसडीबी हे सिस्टिम डेटाबेस विसरू नका. टेम्पडीबीच्या फायली दर वेळी नव्याने तयार होतात म्हणून अनेक जण त्याला वगळतात. पण त्याचा मार्ग सापडला नाही तर अख्खा सर्व्हर उठत नाही. मास्टरचे पॅरामीटर कॉन्फिगरेशन मॅनेजरमधून बदला. मग एजंट आणि सर्व्हर या दोन्ही सर्व्हिस थांबवा, डिस्क मॅनेजमेंटमधून अक्षर बदला आणि सर्व्हिस सुरू करा. व्हर्च्युअल मशीनवर ई हे अक्षर अनेकदा सीडी ड्राइव्हने अडवलेलं असतं. ते आदल्या दिवशीच मोकळं करून ठेवा.

सर्व्हर उठलाच नाही तर घाबरायचं कारण नाही. एररलॉगमध्ये 17204 किंवा 17207 हा आकडा आणि शेजारी फाइलीचा पूर्ण मार्ग छापलेला असतो, तिथे चुकलेलं अक्षर लगेच दिसतं. -ई हाच पॅरामीटर चुकला असेल तर एररलॉगही लिहिला जात नाही. तेव्हा विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर पाहा. ट्रेस फ्लॅग 3608 आणि -एफ लावून सर्व्हर सुरू केला की तो फक्त मास्टर उघडतो, आणि उरलेले पत्ते दुरुस्त करता येतात.

मात्र एसक्यूएल सर्व्हरचा प्रोग्रामच डीवर असेल, तर ही वाट धरू नका. सर्व्हिसचा मार्ग आणि इन्स्टॉलरच्या असंख्य नोंदी त्या अक्षराला बांधलेल्या असतात. तिथे अक्षर तसंच ठेवणं किंवा खरोखर नव्याने इन्स्टॉल करणं, एवढेच पर्याय आहेत.

मुळात फाइलीच्या नावातून तिची जागा कळायलाच नको. मी राहतो त्या ॲन आर्बरमध्ये हा विचार पार 1980च्या दशकाच्या अखेरीस झाला. कार्नेगी मेलन विद्यापीठात जन्मलेल्या एएफएस या फाइल सिस्टिमच्या पायावर इथल्या मिशिगन विद्यापीठाने आपली 'इन्स्टिट्यूशनल फाइल सिस्टिम' उभी केली. त्यातला मार्ग एएफएस, मग यूमिश.ईडीयू, मग युजर, मग तुमच्या लॉगिनचं पहिलं अक्षर, दुसरं अक्षर आणि पूर्ण लॉगिन असा जातो. यात ना सर्व्हरचं नाव, ना डिस्कचं. कुठलं व्हॉल्यूम कोणत्या सर्व्हरवर आहे याची नोंद एका वेगळ्या डेटाबेसमध्ये असते. व्यवस्थापक व्हॉल्यूम उचलून दुसऱ्या सर्व्हरवर ठेवतो, तेव्हा विद्यार्थी त्याच फोल्डरमध्ये काम करत असतो आणि त्याचा मार्ग बदलत नाही. मला ही रचना आजही फार देखणी वाटते.

विंडोजवर याच्या जवळ जाता येतं. व्हॉल्यूमला अक्षर देण्याऐवजी ते सीवरच्या एखाद्या रिकाम्या फोल्डरला माउंट पॉइंट म्हणून जोडा. उद्या डिस्क बदलली तरी सर्व्हरच्या लेखी मार्ग तोच राहतो. पोस्टग्रेएसक्यूएलवाल्यांचा त्रास मुळातच कमी आहे: वेगळ्या टेबलस्पेस नसतील तर डेटा फोल्डरच्या आतले मार्ग सापेक्ष असतात, त्यामुळे सर्व्हिसमधला डेटा फोल्डरचा मार्ग तेवढा बदलावा लागतो.

काम झाल्यावर बॅकअपचा जॉब हाताने एकदा चालवून पाहा. मग मशीन पूर्ण रीस्टार्ट करा. डिस्क नेटवर्कवरून आयस्कझीने येत असेल, तर ती जोडली जाण्याआधीच एसक्यूएल सर्व्हिस धावू लागते की काय, हे रीस्टार्टशिवाय कळत नाही. तसं होत असेल तर एसक्यूएल सर्व्हिसला आयस्कझीच्या सर्व्हिसवर अवलंबून ठेवा. पुढच्या आठवड्यात टेम्पडीबीच्या फायली किती आणि केवढ्या असाव्यात ते पाहू.