घरच्या विमानाचें एंजिन आणि पेट्रोलाचें माप

विमान म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें मोठमोठे कारखाने आणि कोट्यवधि रुपयांचा खर्च उभा राहतो. परंतु विमान घराच्या गच्चीवरही बांधतां येतें, हें आपल्याच महाराष्ट्रांत सिद्ध झालेलें आहे. मूळचे सातारा जिल्ह्यांतले वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनीं मुंबईंत कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें. २०१६ च्या फेब्रुवारींत तें मुंबईच्या प्रदर्शनांत लोकांनीं डोळे भरून पाहिलें, आणि २०१९ सालीं त्याला उड्डाणाची परवानगी मिळाली. अमेरिकेंत तर अशीं स्वहस्तें बांधलेलीं विमानें हजारोंनीं आहेत. सांगाडा जोडणें, पंखांना आकार देणें, तारा व दांडे बसविणें हीं कामें कष्टाचीं खरीं. पण तीं डोळ्यांना दिसतात, हाताला लागतात, बिघडलीं तर उकलून पुन्हां करतां येतात. जें डोळ्यांना दिसत नाहीं आणि ज्यांतली चूक पुष्कळदां जमीन सोडल्यावरच कळते, असें एक काम मात्र शेवटीं उरतें. एंजिनांत किती हवेला किती पेट्रोल द्यावयाचें, हें ठरविण्याचें तें काम. आज त्याविषयीं, आणि त्यांतही मोटारींतून काढून विमानाला जोडल्या जाणाऱ्या रोटरी एंजिनाविषयीं, मी बोलणार आहें.

स्वयंपाकघरांतल्या गॅसच्या शेगडीकडे पाहा. हवा आणि गॅस यांचें प्रमाण जमलें असलें म्हणजे ज्योत निळी व स्थिर असते. हवेचें भोंक बुजलें कीं ती पिवळी होते आणि पातेल्याचें बूड काळें पडतें. उलट हवा फार झाली तर ज्योत बर्नरवरून उचलली जाऊन फडफडते व विझते. एंजिनाच्या पोटांत हेंच घडतें. पेट्रोल अधिक पडलें तर मिश्रण दाट झालें असें आपण म्हणूं, कमी पडलें तर विरळ. गॅरेजांतले मेस्त्री यांनाच रिच आणि लीन म्हणतात. वजनानें पाहिलें तर एक भाग पेट्रोल पुरतें जळण्यास १४.७ भाग हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलास सुमारें ११ किलो हवा, आणि तितकी हवा मावण्यास जवळजवळ दहा घनमीटर जागा पाहिजे! एंजिनापासून पुरी ताकद हवी असेल तेव्हां हवा साडेबारा भागांपर्यंत कमी ठेवतात. काटकसरीनें लांबचा पल्ला मारावयाचा असेल तर पंधरा-सोळा भागांपर्यंत वाढवितात.

शाळेंत मुलांना त्रैराशिक शिकविण्यांत माझीं बहुतेक वर्षें गेलीं, म्हणून हें गणित मला फार सोपें वाटलें होतें. परंतु या त्रैराशिकांतील पहिलें पदच स्थिर राहत नाहीं, कारण हवेचें वजन स्थळाप्रमाणें व काळाप्रमाणें बदलतें. समुद्रकांठीं १५ अंश उष्णतेला एक घनमीटर हवेचें वजन सव्वा किलोच्या थोडें आंतच भरतें. आमचें वाशिम समुद्रसपाटीपासून सुमारें साडेपांचशें मीटर उंच. येथें मे महिन्यांतल्या दुपारीं पारा ४३ अंशांवर गेला म्हणजे तेंच वजन १.०५ किलोवर येतें. सात भागांतला एक भाग हवा कोणी काढून नेल्यासारखेंच हें झालें. साध्या कार्बुरेटरला हा फरक पुरता कळत नाहीं. तो हवेचा वेग पाहून पेट्रोल सोडतो. म्हणून समुद्रकांठच्या थंड सकाळीं नीट जुळविलेला कार्बुरेटर आमच्याकडील मे महिन्यांत सुमारें आठ टक्के दाट मिश्रण देईल, आणि तीन हजार मीटर उंचीवर, जेथें हवेचा दाटपणा तीन-चतुर्थांशच उरतो, सुमारें सोळा टक्के. विमानांत वैमानिकाच्या हाताशीं मिश्रणाचा स्वतंत्र दांडा किंवा खुंटी ठेवतात ती याचसाठीं. मोटारीला ती लागत नाहीं. मोटार उंच चढते ती घाटाच्या रस्त्यानें, हळूहळू, आणि बंद पडली तर रस्त्याच्या कडेला उभी करतां येते.

रोटरी या नांवाखालीं दोन अगदीं भिन्न यंत्रें येतात, तीं आधीं वेगळीं केलीं पाहिजेत. पहिल्या महायुद्धांतल्या रोटरी एंजिनांत मधला आंस स्थिर असे आणि सिलिंडरांचें सारें चक्रच पंख्यासह गरगर फिरे. त्यांत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण एंजिनाच्या मधल्या पेटींतूनच जात असल्यानें साधें वंगण पेट्रोलांत विरघळून निरुपयोगी होई. म्हणून पेट्रोलांत सहजीं न विरघळणारें एरंडेल घालीत. तें जळून वैमानिकाच्या तोंडावर उडे आणि पोटांतही जाई. त्याचा परिणाम काय होत असेल, हें घरोघरच्या मातांना सांगावयास नको. या विमानांत हवेला एक व पेट्रोलाला एक असे दोन दांडे सतत सांभाळावे लागत. सॉपविथ कॅमल या लढाऊ विमानानें जमीन सोडली कीं लगेच पेट्रोल किंचित् कमी करावें लागे. तें न साधलें तर एंजिन गुदमरून थांबे आणि नवशिक्याचें विमान गिरक्या खात खालीं येई. असे कितीतरी तरुण शत्रू दिसण्यापूर्वींच गेले. रावळपिंडीचे हरदित सिंग मलिक १९१७ सालीं हेंच विमान घेऊन लढले. त्यांच्या शौर्याचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. डाव्या हाताच्या बोटांनीं तो पेट्रोलाचा दांडा ते कसा सांभाळीत असतील, याचें मला अधिक कौतुक वाटतें.

दुसरें रोटरी एंजिन जर्मन संशोधक फेलिक्स व्हॅन्केल यांच्या नांवानें ओळखलें जातें. तें प्रथम १९५७ सालीं चाललें, आणि १९६७ पासून जपानच्या माझ्दा कंपनीनें तें मोटारींत घातलें. यांत खालींवर होणारा दट्ट्या नाहीं कीं उघडझांप करणाऱ्या झडपा नाहींत. कमरेंत किंचित् आवळलेल्या लंबगोल पेटींत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो. त्याच्या तीन बाजू आणि पेटीची भिंत यांमध्यें तीन पोकळ्या होतात, आणि प्रत्येक पोकळी फिरतां फिरतां मिश्रण ओढते, दाबते, पेटविते व धूर बाहेर टाकते. त्रिकोणाचा एक फेरा होईपर्यंत मुख्य आंसाचे तीन फेरे होतात. दोन त्रिकोणांचें माझ्दाचें प्रसिद्ध एंजिन १,३०८ घनसेंटिमीटरचें आहे. तें मिनिटास सहा हजार फेऱ्यांनीं चालूं लागलें म्हणजे सेकंदाला दोनशें वेळां पेटतें. लहान, हलकें, थरथर कमी, आणि मोडण्यासारखे भाग थोडे! घरीं विमान बांधणाऱ्याला तें हवेंहवेंसें वाटल्यास नवल नाहीं.

पण त्याचे स्वभावदोषही आहेत. पेटण्याची जागा लांबट व चिंचोळी असल्यानें ज्वाला शेवटपर्यंत पोंचण्यास वेळ लागतो. म्हणून दोन दोन ठिणग्या द्याव्या लागतात. जळतें मिश्रण झडपेवांचून सरळ बाहेर पडतें. त्यामुळें धुराड्याची नळी दट्ट्याच्या एंजिनाच्या नळीहून अधिक तापते आणि साध्या पोलादाची असल्यास लौकर जळते. आणि त्रिकोणाच्या तिन्ही टोंकांवर ज्या पट्ट्या भिंतीला घासत फिरतात, त्यांवर सारी भिस्त असते. त्यांच्यासाठीं पेट्रोलांतच थोडें तेल, शंभर भागांस एक भाग किंवा त्याहूनही कमी, मिसळतात. पुऱ्या ताकदीवर मिश्रण विरळ झालें तर ठोके पडूं लागतात, आणि एका जबर ठोक्यानें पट्टी तुटूं शकते. उलट मिश्रण बराच काळ दाट राहिलें तर काजळी सांचून पट्ट्या आपल्या खांचांत अडकतात व प्लग बुजतात. दोन्ही वाईट, पण पहिलें अपघाताकडे नेतें, दुसरें बहुधा दुरुस्तीकडे. यास्तव अनुभवी लोक सुरुवात नेहमीं दाट बाजूनें करतात, आणि तेंच शहाणपणाचें आहे.

या एंजिनाचा महाराष्ट्राशीं एक निकटचा संबंध आहे, आणि त्याची चर्चा आपल्याकडे व्हावी तितकी झाली नाहीं. निशांत नांवाचें वैमानिकाविना उडणारें टेहळणीचें विमान भारतीय संरक्षण खात्यानें तयार केलें होतें. त्यासाठीं ५५ अश्वशक्तीचें व्हॅन्केल एंजिन देशांतच बनविण्यांत आलें. त्याचा गाभा बंगळूरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेनें घडविला. पेट्रोल पुरविण्याची आणि ठिणगी देण्याची व्यवस्था अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, येथील संरक्षण खात्याच्या वाहन संशोधन संस्थेनें केली. सुमारें तीस किलो वजनाचें हें एंजिन २००९ सालच्या एप्रिलांत कर्नाटकांतील कोलार येथें निशांतला घेऊन आकाशांत गेलें. हें विमान धांवपट्टीवर धांवत नसे. मोटारट्रकवरील रुळावरून तें हवेंत फेंकलें जाई. वैमानिक आंत नाहीं, म्हणजे दांडा हलविणारा हातही नाहीं. फेंकल्या क्षणींच पेट्रोलाचें माप बरोबर पाहिजे! घरीं विमान बांधणारा याच कामाला हात घालतो. फक्त त्याच्यापाशीं प्रयोगशाळा नसते, आणि विमानांत तो स्वतः बसलेला असतो.

आतां प्रत्यक्ष काम. हल्लीं पेट्रोल बारीक पिचकाऱ्यांतून सोडतात आणि एक लहानसा संगणक त्या उघडतो-मिटतो. त्याच्या पोटांत एक कोष्टक असतें: एका बाजूला एंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूला आंत ओढलेल्या हवेचा दाब, आणि प्रत्येक घरांत पिचकारी किती वेळ उघडावयाची तो आंकडा. हवेची उष्णता व दाब पाहून संगणक हिशेब सुधारून घेतो खरा. पण कोष्टकच चुकीचें असेल तर सुधारलेला हिशेबही चुकीचाच येणार. तें कोष्टक भरणें हेंच सारें काम.

विमानाच्या चाकांना ठोकळे लावून शेपटी जाड दोरानें जमिनींतल्या खुंट्याला बांधतात, अग्निशामक नळा जवळ ठेवतात, आणि पंख्याच्या पुढें किंवा बगलेला कोणालाही उभें राहूं देत नाहींत. धुराच्या नळींत दोन उपकरणें बसवितात. एक धुरांत उरलेला प्राणवायु पाहून मिश्रणाचें प्रमाण सांगतें, दुसरें धुराची उष्णता दाखवितें. पहिलें उपकरण नाजूक असतें. विमानाच्या नेहमींच्या पेट्रोलांत शिसें असतें आणि शिशानें तें लौकरच निकामी होतें, म्हणून मापन बिनशिशाच्या पेट्रोलावर करतात. एंजिन पुरतें तापल्यावर कमी फेऱ्यांपासून आरंभ करून, कांटा स्थिर होईपर्यंत थांबून, वहींत नोंद करून, एका वेळीं एकच घर थोडेंसें बदलावयाचें. घाईच्या माणसानें हें काम पत्करूं नये.

येथें एक अडचण आहे, ती नवख्याच्या ध्यानांत येत नाहीं. जमिनीवर बांधलेल्या विमानाचा पंखा एंजिनाला ठराविक मार्गानेंच फिरूं देतो. म्हणून कोष्टकांतली एक तिरकी ओळ तेवढी जमिनीवर भरतां येते. उंचावर फेरे पुष्कळ पण हवेचा दाब कमी, अशी जीं घरें लागतात, त्यांपर्यंत जमिनीवर पोंचतांच येत नाहीं. तीं अंदाजानें, शेजारच्या घरांशीं मेळ घालून व दाट बाजूला ठेवून भरावीं लागतात. शेजारच्या दोन आंकड्यांत एकदम मोठी उडी असतां कामा नये. विशेष जपावयाचें तें पिचकाऱ्यांच्या सांध्याला. कमी ताकदीवर दोनच पिचकाऱ्या चालतात, मागणी वाढली कीं आणखी दोन उघडतात. त्या क्षणीं मिश्रण हेलकावलें तर एंजिन अडखळतें. हा सांधा उड्डाणाच्या ताकदीच्या बराच खालीं आणणें बरें, म्हणजे अडखळलेंच तर तें चाकें जमिनीवर असतां अडखळेल.

पेट्रोलाविषयींही सावध राहिलें पाहिजे. आपल्या पंपांवर आतां वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळतें. इथेनॉलला जळण्यास वजनाच्या नऊ पटच हवा पुरते. म्हणून या मिश्र इंधनाचें योग्य प्रमाण १४.७ नसून सुमारें साडेतेरा येतें. शुद्ध पेट्रोलावर भरलेलें कोष्टक तसेंच ठेवून हें इंधन घातलें तर एंजिन सात-आठ टक्के विरळ चालेल, आणि विरळपणाचा धोका आपण वर पाहिलाच आहे. ज्या इंधनावर माप घेतलें त्याच इंधनावर उडावें, आणि इंधन बदललें तर पुन्हां दोर बांधून पहिल्या घरापासून आरंभ करावा.

मग पहिलें उड्डाण. वैमानिक एकटा असतो. वहीचें काम यंत्रच करतें. धांवपट्टीच्या डोक्यावरच घिरट्या घेत वर जावयाचें, आणि एंजिन थांबलें तरी तरंगत पट्टीवर परत येतां येईल इतकी उंची मिळेपर्यंत मिश्रणाच्या खुंटीला हात लावावयाचा नाहीं. तेथें पोंचल्यावर खुंटी हळूहळू विरळ बाजूला फिरवावी. धुराची उष्णता वाढत जाऊन एका टोंकाला पोंचते व मग उतरूं लागते. तें टोंक कोणत्या फेऱ्यांना, कोणत्या दाबाला आलें याची नोंद झाली म्हणजे खुंटी परत दाट बाजूला आणावी. उतरल्यावर प्लग काढून पाहतात. बिस्किटासारखा तपकिरी रंग आला तर माप जमलें; काजळी असेल तर दाट, पांढरा भाजका रंग असेल तर विरळ. मात्र एका त्रिकोणाचे प्लग काळे आणि दुसऱ्याचे पांढरे निघाले तर कोष्टकाला हात लावूं नये. तो दोष आंकड्यांचा नसतो. कोठें तरी एक पिचकारी तुंबलेली असते, किंवा हवेच्या नळीचा सांधा फुटून चोरून हवा आंत येत असते.