प्रवासासाठी छोटा शॉर्टवेव्ह रेडिओ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

प्रवासात किंवा रानातल्या मुक्कामात सोबत न्यायला छोटा शॉर्टवेव्ह रेडिओ घ्यायचा म्हटले की नजर आधी खोक्यावरच्या आकड्यांकडे जाते : किती बँड, केवढा एरियल, किती किंमत. या आकड्यांवरून निवड करणाऱ्याची पुष्कळदा निराशा होते आणि दोष रेडिओच्या किंवा शॉर्टवेव्हच्या माथी मारला जातो. रेडिओवर काय ऐकू येईल, हे चार गोष्टी ठरवतात : प्रक्षेपण केंद्र, वरचे आकाश, भोवतालचा विद्युत गोंगाट आणि हातातला संच. त्यांपैकी पहिल्या तिन्ही दुकानात विकत मिळत नाहीत. तेव्हा ‘हा रेडिओ किती लांबचे पकडतो?’ या प्रश्नाला नेमके उत्तर असूच शकत नाही. बदलते आकाश, खरखर आणि मोजकी वीज या तिन्हींशी हा संच किती जुळवून घेतो, हे विचारायला हवे. या कसोटीवर रूढ समजुती तपासल्या तर बहुतेक टिकत नाहीत.

गैरसमज : शॉर्टवेव्ह आता संपली, मग रेडिओ कशाला?

ही समजूत अर्धी खरी आहे, म्हणूनच तिला नीट उत्तर द्यायला हवे. शॉर्टवेव्हचे वैभव आपल्या पिढ्यांनी अनुभवलेले आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी मंत्री नभोवाणी खाते सांभाळत असताना आकाशवाणीवरून चित्रपटगीते हटली आणि १९५२ पासून ‘बिनाका गीतमाला’ ऐकायला देशभरचे श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली, त्यामागे हा दबाव मोठा होता. तो काळ गेला. नेदरलँड्सच्या परदेशी सेवेने २०१२ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या सेवेने जानेवारी २०१७ मध्ये आणि बीबीसी हिंदीने जानेवारी २०२० मध्ये शॉर्टवेव्हचा निरोप घेतला. तरीही चीन, जपान, दक्षिण कोरिया, तैवान, रुमानिया, तुर्कस्तान, क्यूबा यांच्या परदेशी सेवा शॉर्टवेव्हवर चालू राहिल्या आहेत. युक्रेनवर आक्रमण झाल्यावर मार्च २०२२ मध्ये बीबीसीने त्या भागासाठी दोन नव्या शॉर्टवेव्ह वारंवारतांवर रोज चार तास इंग्रजी बातम्या सुरू केल्या. मनोरे पडले, इंटरनेट तुटले, तरी हजारो किलोमीटरवरून येणारी लहर अडवणे अवघड असते, हे त्यामागचे कारण होते. म्हणजे शॉर्टवेव्ह आकसली आहे, संपलेली नाही. मात्र मराठी बातम्या हव्या असतील तर मीडियम वेव्ह आणि एफएम हेच मुख्य आधार आहेत. प्रवासी रेडिओ निवडताना हे दोन पट्टे दुय्यम मानणे ही मोठी चूक ठरते, ती का, ते पुढे पाहू.

गैरसमज : संच ताकदवान असेल तर दूरचे स्टेशन लागतेच

लांबचा पल्ला संच गाठत नाही. तो शंभर, अडीचशे किंवा पाचशे किलोवॉटचा प्रक्षेपक आणि आयनांबर गाठतात. जमिनीपासून साठ-सत्तर किलोमीटरपासून काही शे किलोमीटर उंचीपर्यंत सूर्यकिरणांमुळे विद्युतभारित झालेले थर असतात, तेच आयनांबर. ब्रिटिश शास्त्रज्ञ एडवर्ड अ‍ॅपलटन यांनी १९२४ मध्ये प्रयोगाने अशा थराचे अस्तित्व दाखवले आणि या क्षेत्रातल्या कामासाठी १९४७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वरचा थर शॉर्टवेव्ह लहरी वाकवून पुन्हा जमिनीकडे पाठवतो. एका झेपेत लहर तीन-चार हजार किलोमीटर जाऊ शकते. दिवसा सर्वांत खालचा थर कमी वारंवारतेच्या लहरी शोषून घेतो, रात्री तो विरतो. त्यामुळे ढोबळ नियम असा : भर दिवसा १३ ते १८ मेगाहर्ट्झच्या आसपास शोधावे, रात्री १० मेगाहर्ट्झच्या खाली. दुपारी ६ मेगाहर्ट्झवर दूरचे केंद्र लागले नाही म्हणून संच वाईट ठरत नाही.

यातून खरेदीसाठी दोन गोष्टी निघतात. पहिली, संचाने निदान ५.९ ते १८ मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा सलग घेतला पाहिजे. सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्राचाही इथे संबंध येतो. सध्याचे चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले आणि २०२४ च्या सुमारास शिखरावर पोचले. उतरत्या काळात २१ मेगाहर्ट्झच्या आसपासचे वरचे बँड थंडावत जातात, म्हणून येत्या काही वर्षांत खालच्या आणि मधल्या बँडवरची कामगिरी जास्त महत्त्वाची राहील. दुसरी, वारंवारता आकड्यांत दाखवणारा पडदा, आकडे थेट दाबून केंद्र लावायची सोय आणि केंद्रे साठवायची स्मृती या वस्तू चैनीच्या नाहीत. शॉर्टवेव्ह केंद्रे दिवसातून ठरावीक तासच असतात, त्यांची वेळापत्रके जागतिक वेळेत छापलेली असतात (त्यात साडेपाच तास मिळवले की भारतीय वेळ येते) आणि मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ती बदलतात. ९,६०० किलोहर्ट्झवर जायचे आहे हे ठाऊक असूनही सुईने अंदाज घ्यावा लागला, तर कार्यक्रम संपेपर्यंत शोधच चालू राहतो.

गैरसमज : जितके जास्त बँड, तितका रेडिओ चांगला

‘दहा बँड’ असे ठळक छापलेल्या स्वस्त सुईच्या संचात शॉर्टवेव्हचे छोटे तुकडे पाडून प्रत्येकाला बँड म्हटलेले असते. तुकड्यांच्या मधल्या जागा वगळलेल्या असतात. १३.६ मेगाहर्ट्झच्या आसपासचा २२ मीटरचा बँड अशा वगळण्यात बऱ्याचदा सापडतो. ‘शॉर्टवेव्ह, सलग’ एवढे एकच वाक्य लिहिलेला संच दहा बँडवाल्यापेक्षा जास्त व्यापतो. ‘याच्यावर भरपूर स्टेशनं लागतात’ ही शिफारसही तपासून घ्यावी. साध्या, एकदाच वारंवारता बदलणाऱ्या संचात एकच जोरदार केंद्र डायलवर दोन ठिकाणी ऐकू येते. खरे केंद्र ९,६०० किलोहर्ट्झवर असेल तर त्याची छाया ९१० किलोहर्ट्झ खाली, ८,६९० वरही उमटते, आणि खाली जे क्षीण केंद्र असेल ते दाबले जाते. अशी मोजलेली संख्या ही गुण नसून दोष असते. या बाबतीत दोनदा वारंवारता बदलणारे किंवा आजचे डीएसपी (डिजिटल संकेत-प्रक्रिया) चिपवर चालणारे संच सामान्यतः बरेच स्वच्छ असतात. शॉर्टवेव्हवर शेजारशेजारच्या केंद्रांत अवघे ५ किलोहर्ट्झ अंतर असते, त्यामुळे ऐकण्याचा पट्टा अरुंद-रुंद करता येणारा फिल्टर बँडच्या संख्येपेक्षा कितीतरी उपयोगी पडतो.

गैरसमज : घरी खरखर आली म्हणजे संच निकामी, एरियल लांब केला की सगळे सुधारते

शहरातल्या सदनिकेत शॉर्टवेव्ह ऐकून संचाबद्दल मत बनवणे अन्यायाचे आहे. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, फोनचे चार्जर, इन्व्हर्टर, सोलरचे कंट्रोलर हे सगळे शॉर्टवेव्ह आणि मीडियम वेव्हवर गोंगाट ओततात. सिमेंट आणि लोखंडाच्या भिंती येणारी लहर कमजोर करतात. गावापासून दूर, विजेच्या तारा नसलेल्या माळावर तोच संच वेगळा भासतो. म्हणून तंबूच्या मुक्कामासाठी घेतलेल्या संचाची परीक्षा उघड्यावर, चार्जर काढून, सेलवरच घ्यावी. एरियलचेही तसेच आहे. शॉर्टवेव्हवर बहुधा केंद्राची क्षीणता नव्हे, तर भोवतालचा गोंगाट आड येतो. लांब तार केंद्राबरोबर गोंगाटही वाढवते. शिवाय छोट्या संचाला खूप लांब तार जोडली तर जोरदार केंद्रे एकमेकांत मिसळून सगळीकडे भुतासारखी उमटतात. रानात सहा-आठ मीटरची बारीक, वेष्टन असलेली तार झाडावर टाकून एरियलला अडकवली तर ती बहुतेक वेळा पुरते. म्हणून बाहेरच्या एरियलचे छिद्र आणि ‘लोकल-डीएक्स’ किंवा तत्सम संवेदनशीलता कमी करणारी कळ असलेला संच निवडावा. वळवाच्या दिवसांत मात्र ढग दिसताच तार काढून ठेवावी. मीडियम वेव्हवर ऐकू येणारा कडकडाट जवळ येणाऱ्या विजेची सूचना देतो, तीही दुर्लक्षित करू नये.

गैरसमज : शॉर्टवेव्ह रेडिओत मीडियम वेव्ह आणि एफएम फारसे महत्त्वाचे नाहीत

सह्याद्रीतल्या मुक्कामाचे उदाहरण घेऊ. एफएम साधारण दृष्टीच्या रेषेत चालते. १,६४६ मीटर उंच कळसूबाईच्या माथ्यावरून क्षितिज सुमारे १४५ किलोमीटरवर असते, म्हणून तिथे दूरदूरची एफएम केंद्रे लागतात. पायथ्याच्या घळीत उतरताच तीच गायब होतात. मीडियम वेव्हची लहर जमीन धरून चालते आणि खोऱ्यातही पोचते. मुंबईची ५५८ आणि पुण्याची ७९२ किलोहर्ट्झची आकाशवाणी ही ओळखीची उदाहरणे. इथे लहान आकाराची खरी किंमत मोजावी लागते. मीडियम वेव्ह ताणायच्या एरियलवर येत नाही, संचाच्या पोटातल्या फेराइट दांडीवर येते. संच जितका चिमुकला, तितकी दांडी छोटी आणि ग्रहण कमजोर. ही दांडी दिशेनुसार काम करते, म्हणून केंद्र क्षीण असेल तर एरियल ओढत बसण्याऐवजी संचच सावकाश फिरवावा.

परदेशातून किंवा ऑनलाइन घेतलेल्या संचाबाबत आणखी दोन खबरदाऱ्या आहेत. भारतात मीडियम वेव्हची केंद्रे ९ किलोहर्ट्झच्या अंतराने आहेत, अमेरिकेत १० च्या. ७९२ ही वारंवारता १० च्या पावलांत नेमकी सापडत नाही, म्हणून ९ आणि १० यांत बदल करण्याची सोय पाहून घ्यावी. जपानी बाजारासाठीच्या संचाचा एफएम पट्टा ७६ ते ९५ मेगाहर्ट्झपर्यंतच असू शकतो, तर भारतातली केंद्रे १०८ पर्यंत पसरलेली आहेत. आकाशवाणीने अनेक मीडियम वेव्ह प्रक्षेपकांना डीआरएम या डिजिटल पद्धतीची जोड दिली आहे. साध्या संचावर त्या पद्धतीचे प्रक्षेपण नुसत्या सळसळीसारखे येते. तो संचाचा बिघाड नाही.

गैरसमज : एसएसबी नसलेला आणि स्वस्त संच म्हणजे खेळणे

प्रक्षेपण केंद्रे साध्या पद्धतीने बोलतात, त्यांना एसएसबी (सिंगल साइडबँड, म्हणजे लहरीचा एकच बाजूपट्टा वापरणारी पद्धत) लागत नाही. ७ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलणारे हौशी रेडिओचालक किंवा विमानांसाठी हवामान सांगणारे मुंबईचे वोल्मेट केंद्र ऐकायचे असेल तरच ती सोय हवी. ज्यांना ही आवड आहे त्यांच्यासाठी टेकसन पीएल-३३० किंवा एक्सएचडेटा डी-८०८ हे संच योग्य आहेत. ज्यांना फक्त बातम्या आणि संगीत हवे, त्यांना तीन पेन्सिल सेलवर चालणारा टेकसन पीएल-३८०, ज्यात एसएसबी नाही, पुरेसा आहे. या दोन्ही गटांतल्या संचांतला किमतीचा फरक ऐकण्याच्या सोयी वाढवतो, आकाश बदलत नाही.

गैरसमज : हँडल फिरवायचा किंवा सोलरचा रेडिओ रानात सर्वांत भरवशाचा

हँडल आणि सोलर पट्टी पाहून वीज कधीच संपणार नाही असे वाटते. परंतु तळहाताएवढ्या पट्टीवर पडणारे ऊन थोडे असते, आणि हँडल फिरवून साठणारी वीज कष्टाच्या मानाने तोकडी. अशा संचांत शॉर्टवेव्ह असलीच तर ती बहुधा सुईची आणि तुकड्यातुकड्यांची असते. छोटा डिजिटल संच वीज थोडीच खातो, त्यामुळे रोज तास-दोन तास ऐकण्यासाठी चांगल्या सेलचे दोन संच आठवडाभराच्या मुक्कामाला पुरतात. म्हणून सेल कोणते, हे आधी ठरवावे. पेन्सिल सेल खेड्यातल्या किराणा दुकानातही मिळतात. पीएल-३३० चा बीएल-५सी आणि डी-८०८ चा १८६५० हे लिथियम सेल जास्त ऊर्जा साठवतात, पण ते ऐनवेळी मिळतीलच असे नाही. विमानाने जाताना सुटे लिथियम सेल हातातल्या सामानातच न्यावे लागतात. कळा आपोआप दाबल्या जाऊ नयेत म्हणून लॉकही हवे. पिशवीत चालू राहिलेला रेडिओ सेल संपवतो, तेव्हा संवेदनशीलतेचा काही उपयोग उरत नाही.

आक्षेप : फोन असताना हे ओझे कशाला?

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याची एक बाजू मान्यच करायला हवी : रेडिओवरून मदत मागता येत नाही. त्यामुळे तो फोनची जागा घेऊ शकत नाही आणि घेऊही नये. पण फोनवरचा रेडिओ मनोऱ्यावर, मनोऱ्याच्या विजेवर आणि फोनच्या बॅटरीवर उभा असतो. वादळात या तिन्ही गोष्टी एकदमच डळमळतात. त्यातही तीच बॅटरी मदत मागण्यासाठी राखून ठेवायला हवी. ऐकण्याचे काम वेगळ्या, थोड्या विजेवर चालणाऱ्या यंत्राकडे सोपवणे हा शहाणपणाचा हिशेब आहे.

म्हणून निवडीचा क्रम असा असावा : आधी सेल आणि लॉक, मग आकड्यांचा पडदा व थेट आकडे दाबण्याची सोय, मग सलग शॉर्टवेव्ह आणि फिल्टर, मग चांगली मीडियम वेव्ह, आणि शेवटी, आवड असेल तर, एसएसबी. बँडची संख्या आणि एरियलची लांबी या यादीत येत नाहीत. संच घेतल्यावर निघण्याआधी त्या हंगामाचे वेळापत्रक लिहून घ्यावे, दिवसाच्या आणि रात्रीच्या वारंवारता स्मृतीत भराव्यात आणि जवळची मीडियम वेव्ह केंद्रे आधीच शोधून ठेवावीत. एवढी तयारी केलेल्या साध्या संचावर जितके ऐकू येईल, तितके तयारीविना घेतलेल्या दुप्पट किमतीच्या संचावर येणार नाही.