नंबर फोटोत नको, बोटाखाली हवा!



समजा, घाटघरला तुमचं घरगुती जेवणाचं आणि मुक्कामाचं छोटं काम आहे. नाणेघाट शेजारी, जीवधन डोक्यावर. शनिवारी सकाळी सहा जणांचा ग्रुप जुन्नरहून निघतो. आपटाळ्याला चहा घेताना एकाला तुमचं वेबपेज सापडतं. त्यात नंबर आहे, पण बॅनरच्या फोटोत! आता तो पाठ करायचा, पेज सोडायचं, मग डायल करायचा. एवढं कोण करतो? पुढे डोंगराआड रेंज गेली, की सहा ताटं गेलीच म्हणून समजा.

यावरचा उपाय फुकट आहे. वेबपेजला फोनची कामं सांगता येतात.

1. कॉल: बटणाच्या लिंकमध्ये इंग्रजीत टी-ई-एल, मग कोलन, मग प्लस 91 आणि तुमचा नंबर. मध्ये जागा सोडू नका. बोट लावलं की नंबर डायलरमध्ये हजर.

2. एसएमएस: टी-ई-एलच्या जागी एस-एम-एस लिहा. मेसेज पाठवायला डेटा लागत नाही. पेज आधी उघडलेलं असेल, तर नेट गेल्यावरही ही दोन्ही बटणं चालतात. फक्त साधी रेंज हवी.

3. व्हॉट्सअॅप: डब्ल्यूए डॉट एमई, तिरकी रेघ, मग 91 आणि नंबर. इथे मात्र प्लस लावायचा नाही.

4. नकाशा: मॅप्समध्ये तुमच्या घराचं ठिकाण शोधा, 'शेअर' करून मिळालेली लिंक बटणाला जोडा.

आता एक सावधगिरी. काही पेजेस उघडताक्षणी ग्राहकाचं लोकेशन मागतात. ग्राहक बिचकतो, 'नाही' म्हणतो. एकदा नकार दिला की ब्राउझर सहसा पुन्हा विचारतही नाही. तुम्हाला त्याचं लोकेशन हवंय कशाला? त्याला तुमचं हवंय! खरंच गरज असेल, तर त्याने बटण दाबल्यावरच मागा. आणि साइट एचटीटीपीएस हवी. क्रोमने 2016 पासून साध्या एचटीटीपी पेजला लोकेशन देणं बंद केलंय.

आज एवढंच करा. शेजाऱ्याचा फोन घ्या, तुमचं पेज उघडा, मग डेटा बंद करा आणि कॉलचं बटण दाबा. तुमचा फोन वाजला? मग पेज कामाचं. नाही वाजला, तर आज संध्याकाळीच दुरुस्त करा. शनिवार लांब नाही!