सज्जन, दुर्जन आणि नऊ घरांचा तक्ता



कामगार संघटनेत उभे आयुष्य काढलेला मनुष्य व्यासपीठावर आला की तो पगारवाढीवर किंवा कंत्राटी मजुरांवर बोलणार, असे श्रोते धरून चालतात. आज मी एका खेळावर बोलणार आहे. या खेळातून काही प्रश्नावल्या निघाल्या आहेत. वीस-तीस प्रश्नांची उत्तरे द्यावीत आणि आपण सज्जन आहोत की दुष्ट, नियम पाळणारे आहोत की मोडणारे, याचा निकाल हाती घ्यावा, असा तो प्रकार आहे. कॉलेजातली मुले मोबाइलवर हा उद्योग हौसेने करतात. त्यात गंमत आहे आणि गमतीला माझी हरकत नाही. पण माणसाला प्रश्न विचारून त्याच्या चारित्र्याचे घर ठरवण्याची ही रीत नोकरीच्या दारापर्यंत पोचलेली आहे. म्हणून ती नीट समजून घेतली पाहिजे.

प्रथम खेळ कोणता ते पाहू. त्याचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. १९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनीव्हा या लहानशा गावातून तो बाहेर पडला. त्याचे कर्ते दोघे, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. गायगॅक्स हा विमा कंपनीतला नोकर. १९७० साली त्याची नोकरी गेली, तेव्हा तो घरी जोडे दुरुस्त करून संसार चालवू लागला आणि उरलेल्या वेळात खेळाचे नियम लिहू लागला. पहिल्या आवृत्तीच्या हजार प्रती निघाल्या, आणि त्यांची जुळणी घरच्या माणसांनी व मित्रांनी हातांनी केली. जोडे शिवणाऱ्या हातांनी जगभर पसरलेला खेळ घडवला, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते.

या खेळाला सोंगट्यांचा पट असलाच पाहिजे असे नाही. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक सूत्रधार होतो. बाकीचे प्रत्येकी एक सोंग घेतात. कोणी योद्धा होतो, कोणी जादूगार, कोणी चोर. सूत्रधार प्रसंग सांगतो, "समोर बंद दरवाजा आहे, आतून रडण्याचा आवाज येतो आहे." मग आपले पात्र काय करील ते खेळणाऱ्याने बोलून दाखवायचे. यश की अपयश हे पुष्कळदा फाशावर ठरते. थोडक्यात, नाटक आणि सोंगट्या यांचा हा संसार आहे.

आता सोंग घेतले की त्याला स्वभाव हवा. त्यासाठी या खेळात 'अलाइनमेंट' नावाची योजना आहे. आपण तिला नीतीचा कल म्हणू. १९७४ साली कल तीनच होते, सुव्यवस्था, तटस्थता आणि अव्यवस्था. ही कल्पना पोल अँडरसन आणि मायकेल मूरकॉक या कादंबरीकारांकडून आली. सुव्यवस्था आणि अव्यवस्था या दोन शक्तींचे विश्वव्यापी युद्ध त्यांनी आपल्या अद्भुत कथांत रंगवले होते. पुढे १९७६ साली गायगॅक्सने एक लेख लिहून त्यात दुसरी रेघ ओढली, सुष्ट आणि दुष्ट यांची. एक रेघ आडवी, एक उभी. प्रत्येक रेघेवर दोन टोके आणि एक मध्य. तीन त्रिक नऊ. १९७८ च्या नियमपुस्तकात ही नऊ घरे पुरी मांडलेली दिसतात.

या तक्त्यात एक शहाणपण आहे, आणि ते मान्य केले पाहिजे. नियमाने वागणे आणि चांगले वागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याने लहान मुलालाही कळेल असे मांडले. नियमनिष्ठ दुष्ट असे एक घर त्यात आहे. कागदपत्र चोख ठेवून, एकही कलम न मोडता गरिबाचे घर लुटणारा मनुष्य तिथे बसतो. स्वैर सज्जन असेही घर आहे. कायद्याची पर्वा न करता भुकेल्याला धान्य वाटणारा तिथे बसतो. 'जे कायदेशीर ते न्याय्य' असे मानणाऱ्या पुष्कळ शिकलेल्या माणसांना हा भेद अजून उमगलेला नाही. खेळणाऱ्या पोरांना तो उमगतो.

मग घोटाळा कोठे होतो? हा तक्ता सोंगासाठी केलेला होता. तो जेव्हा जिवंत माणसाला लावतात, तेव्हा घोटाळा होतो. चाचणीची रचना साधी असते. काही प्रश्न नियमाच्या रेघेवर गुण देतात, काही चांगुलपणाच्या रेघेवर. शेवटी बेरीज करायची आणि बेरीज जिथे पडेल ते आपले घर. नियमाच्या रेघेवरचे प्रश्न कसे असतात ते पाहा. वरिष्ठांचा हुकूम तुम्ही मानता काय? दिलेला शब्द पाळता काय? आपल्या माणसांशी ठरलेली शिस्त मोडता काय? हे तिन्ही प्रश्न एकाच रकान्यात जमा होतात. पण हुकूम मानणे आणि शब्द पाळणे या एकच गोष्टी आहेत काय?

याचे उत्तर अमेरिकेच्याच इतिहासात आहे. १ डिसेंबर १९५५ रोजी अलाबामा राज्यातील माँटगोमरी शहरात रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या निग्रो बाईंनी, आजच्या भाषेत कृष्णवर्णीय बाईंनी, बसमधली आपली जागा गोऱ्या उतारूसाठी सोडायचे नाकारले. त्यांना अटक झाली आणि दंड झाला. नियमाच्या रकान्यात शून्य गुण! पण त्या घटनेमागून शहरातील कृष्णवर्णीय जनतेने बसवर जो बहिष्कार टाकला, तो ३८१ दिवस टिकला. माणसे मैलोगणती चालत कामाला गेली. मोटारींच्या फेऱ्या आखल्या गेल्या, वर्गण्या जमा झाल्या, सभेत ठरलेला शब्द वर्षभर पाळला गेला. एवढी शिस्त पलटणीतही विरळा. आता या बाईंना कोणत्या घरात बसवायचे? हुकूम मोडला म्हणून स्वैर म्हणावे, तर शिस्त आडवी येते. शिस्त पाळली म्हणून नियमनिष्ठ म्हणावे, तर अटक आडवी येते. चाचणी दोहोंची वजाबाकी करून म्हणेल, "तटस्थ." ज्या बाई सर्वांत कमी तटस्थ होत्या, त्यांच्या कपाळी हा शिक्का! ज्यांनी कधी संप चालवला आहे त्यांना हे सांगायला नको. मालकाचा हुकूम मोडायचा आणि आपसातला शब्द मोडायचा नाही, यालाच संप म्हणतात.

"पण माझा निकाल तर अगदी बरोबर आला!" असे पुष्कळ जण म्हणतात. याचाही उलगडा झालेला आहे. १९४८ साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या वर्गातील ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचे वर्णन लिहून दिले. ते किती खरे वाटते याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी ४.२६ गुण पडले. मग गुरुजींनी उघड केले की सर्वांना एकच वर्णन दिलेले होते, आणि ते रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेले होते. कुडमुड्या जोशाचे भविष्य आपल्याला का पटते, तेच या निकालालाही लागू आहे.

याहून महत्त्वाचा मुद्दा पुढचा आहे. माणूस कागदावर सांगतो तसाच वागतो काय? १९२८ ते १९३० या काळात हार्टशोर्न आणि मे या दोन अमेरिकन संशोधकांचे ग्रंथ निघाले. त्यांनी दहा हजारांहून अधिक शाळकरी मुलांना वर्गात, खेळात, घरी लबाडी करण्याची संधी देऊन पाहिली. एका जागी प्रामाणिक राहिलेले मूल दुसऱ्या जागी प्रामाणिक राहीलच असे त्यांना आढळले नाही. पुढे १९७३ साली डार्ली आणि बॅटसन यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रिन्स्टन येथील धर्मोपदेशक होऊ पाहणाऱ्या ४० विद्यार्थ्यांकडून त्यांनी आधी धर्मभावनेविषयीच्या प्रश्नावल्या भरून घेतल्या. नंतर प्रत्येकाला भाषण देण्यासाठी दुसऱ्या इमारतीत पाठवले. वाटेत एक मनुष्य कण्हत, खोकत पडलेला ठेवला होता. ज्यांना सवड होती त्यांतले ६३ टक्के मदतीला थांबले. ज्यांना थोडी घाई होती त्यांतले ४५ टक्के थांबले. ज्यांना "उशीर झाला, धावा" असे सांगितले होते, त्यांतले १० टक्केच थांबले. काहींच्या भाषणाचा विषय तर रस्त्यात पडलेल्याला मदत करणाऱ्या परोपकारी प्रवाशाचा, बायबलातला दृष्टान्त हाच होता! कोण थांबेल हे प्रश्नावल्यांवरून सांगता आले नाही. ते घड्याळावरून सांगता आले.

बंधुभगिनींनो, मी सातवीनंतर शाळा सोडली आणि पुढचे सारे पाळी सुटल्यावर सार्वजनिक वाचनालयात वाचले. हा प्रयोग वाचला त्या दिवशी मला आठ तासांच्या दिवसाचा नवा अर्थ कळला. आम्ही कामाचे तास मागतो ते विश्रांतीसाठी, पोराबाळांसाठी, हे तर खरेच. पण ज्याच्या मागे सतत घाई लावली आहे त्याच्याकडून चांगुलपणाही हिरावून घेतला जातो. त्याला नंतर प्रश्नावली देऊन "तू स्वार्थी आहेस" असे सांगणे हा कोणता न्याय?

गंमत अशी की मूळ खेळाला हे ठाऊक होते. १९७९ च्या सूत्रधारासाठी लिहिलेल्या नियमपुस्तकात असे आहे की सूत्रधाराने प्रत्येक पात्राच्या कृत्यांवर नजर ठेवावी. तोंडाने सज्जन म्हणवणारा पुन्हापुन्हा क्रूरपणे वागला, तर त्याचे घर बदलावे, आणि त्याची कमावलेली एक पायरीही खाली आणावी. म्हणजे खेळात कृत्य आधी आणि शिक्का मागून. चाचणीत शिक्का आहे, कृत्य कोठेच नाही. पुढे २००८ च्या आवृत्तीत घरे पाचांवर आली. २०१४ साली ती पुन्हा नऊ झाली, पण त्यांच्यावर अवलंबून असलेले नियम फारच थोडे उरले.

नोकरीच्या जगाने मात्र उलटी वाट धरली. पहिल्या महायुद्धात रॉबर्ट वुडवर्थ याने अमेरिकन सैन्यासाठी शंभराहून अधिक 'होय-नाही' प्रश्नांचा कागद तयार केला. रणांगणावर कोणाचे मन खचेल ते आधी ओळखावे, हा त्याचा हेतू. तेव्हापासून असे कागद कारखान्यांत आणि कचेऱ्यांत शिरले. १९५६ साली विल्यम व्हाइट या लेखकाने आपल्या ग्रंथाला पुरवणी जोडून अशा चाचण्यांना कसे फसवावे तेच शिकवले. त्याचा मथितार्थ असा, की चारचौघे देतील तेच उत्तर द्यावे. आमच्या एका सभासदाचा मुलगा अलीकडे नोकरीसाठी गेला, तेव्हा त्यालाही संगणकावर असेच प्रश्न आले. सोबत्याची चूक वरिष्ठांना सांगशील काय? नियम चुकीचा वाटला तर काय करशील? त्याने खरी उत्तरे दिली. नोकरी मिळाली नाही. कारण विचारले तर सांगितले नाही. त्या उत्तरांमुळेच ती गेली असे मी म्हणत नाही. त्याला कारण कळण्याचा मार्गच नव्हता, एवढीच माझी तक्रार आहे. न्यायालयात आरोपीला आरोप ऐकवतात. इथे तेवढेही नाही.

तेव्हा असा कोणताही कागद समोर आला की तीन गोष्टी विचाराव्यात. ही बेरीज कोण करतो? तिचा उपयोग तो कशासाठी करणार? आणि निकाल चुकला तर दाद कोठे मागायची? घरात मुले खेळत असतील तर तिन्हींची उत्तरे निरुपद्रवी आहेत. खुशाल खेळू द्यावे, जमल्यास आपणही बसावे. दरवाजाआडून रडणे ऐकू आल्यावर आपले पोर काय ठरवते, हे पाहण्यासारखे असते. पण जिथे त्या बेरजेवर कोणाची भाकरी ठरणार असेल, तिथे उत्तर मिळाल्यावाचून उठू नये, आणि शक्यतो एकट्याने विचारू नये.