ध्येय, ध्यास आणि दिनक्रम

थोरामोठ्यांची चरित्रे वाचून झाली म्हणजे सामान्य वाचकाच्या मनात बहुधा दोन भावना एकदमच उभ्या राहतात. एक आदराची आणि दुसरी खिन्नतेची. या माणसांच्या अंतःकरणात जी ज्योत तेवत होती ती आपल्या ठायी नाही, ती असती तर आपल्याही हातून काही भरीव घडले असते, असे त्याला वाटू लागते. या विचारामागे एक गृहीत कल्पना दडलेली असते. ती अशी की, माणसाला आधी ध्यास लागतो, ध्यासातून ध्येय निश्चित होते, आणि ध्येय निश्चित झाल्यावर चांगल्या सवयी आपोआप मागून येतात. ही कल्पना कितपत खरी आहे, हे एखाद्या प्रत्यक्ष आयुष्यावर घासून पाहणे उद्बोधक ठरेल.

अशा परीक्षेसाठी महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे आयुष्य विशेष सोयीचे आहे. ते १८ एप्रिल १८५८ रोजी जन्मले आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या एकशेपाचव्या वर्षी निवर्तले. त्यांनी आपले अनुभव स्वतः लिहून ठेवले आहेत. शिवाय लोकनायकाच्या ठिकाणी जे गुण सामान्यतः अपेक्षिले जातात त्यांतील पुष्कळसे त्यांच्याजवळ नव्हते. स्वभाव अत्यंत भिडस्त, वक्तृत्व बेताचे, घरची स्थिती गरिबीची. तेव्हा त्यांचे यश केवळ दैवी देणगीच्या खाती जमा करून मोकळे होता येत नाही.

कोकणातील मुरूड गावी त्यांचे बालपण गेले. किशोरवयात एका सरकारी परीक्षेस बसण्यासाठी ते भर पावसात सह्याद्री ओलांडून सुमारे ११० मैलांची वाट पायी तुडवीत साताऱ्यास पोहोचले; आणि तेथे, वय लहान दिसते या कारणावरून त्यांना परीक्षेस बसू देण्यात आले नाही. आल्या वाटेने ते परतले. पुढे १८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित विषय घेऊन ते पदवीधर झाले, तेव्हा त्यांचे वय सव्विसाच्या घरात होते. या काळात स्त्रीशिक्षणाचे कसलेही महान स्वप्न त्यांच्यासमोर नव्हते. होती ती फक्त पडेल ते काम नेटाने पुरे करण्याची रीत. मुंबईत शिकवण्या करीत असता आपल्या गावासाठी नियमित लहान वर्गणी जमवावी, म्हणून ‘मुरूड फंड’ उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. म्हणजे थोडे थोडे पण न चुकता देण्याची सवय त्यांच्या अंगी आधीच मुरली होती. जीवनकार्य अजून दूर होते.

ते जीवनकार्य आले कोठून? १८९१ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांच्या निमंत्रणावरून कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे अध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांची पत्नी राधाबाई वारल्या. तेहतीस वर्षांच्या विधुराने एखाद्या अल्पवयीन कुमारिकेशी पुन्हा संसार मांडावा, यात त्या काळच्या समाजाला वावगे असे काहीच वाटत नसे. विधवेला मात्र, १८५६ पासून पुनर्विवाहाचा कायदा असूनही, ती वाट व्यवहारात जवळजवळ बंद होती. कर्व्यांनी लग्न करावयाचे तर विधवेशीच, असे ठरविले. आणि १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या गोदूबाईंशी विवाह केला. याच पुढे आनंदीबाई किंवा बाया कर्वे या नावाने ओळखल्या गेल्या. मुरूडच्या ग्रामस्थांनी या दांपत्यावर बहिष्कार टाकला. दूरवरचा प्रश्न अशा रीतीने घरच्या उंबऱ्यात आला आणि मग तो सुटला नाही. ध्यास हा शोधून सापडत नाही. एखाद्या गोष्टीत माणूस हात घालतो, तिची किंमत मोजतो, आणि त्या मोजलेल्या किमतीतून ती गोष्ट त्याची होऊन जाते. कर्व्यांच्या बाबतीत हे वयाच्या पस्तिशीत घडले. ‘मला अजून माझी आवड कळलेली नाही’ म्हणून हात बांधून बसणाऱ्या तरुणाने हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे.

ध्यास जागा झाला तरी ध्येय सुस्पष्ट होतेच असे नाही. १८९३ मध्ये कर्व्यांनी विधवाविवाहाच्या पुरस्कारासाठी मंडळी स्थापन केली. थोड्याच वर्षांच्या अनुभवाने त्यांच्या लक्षात आले की, पुनर्विवाहास तयार होणाऱ्या स्त्रिया मूठभर. उरलेल्या असंख्य विधवांना हवे आहे ते स्वतःच्या पायावर उभे राहण्याचे साधन, म्हणजे शिक्षण. म्हणून १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली, आणि सनातनी घरांतूनही मुली निःशंकपणे याव्यात यासाठी आश्रमाचे काम पुनर्विवाहाच्या चळवळीपासून वेगळे ठेवले. काही सुधारकांना ही माघार वाटली. परंतु ‘समाज सुधारावा’ ही इच्छा होती. ‘इतक्या विधवांना राहावयास जागा, शिक्षक आणि चरितार्थाची विद्या मिळावी’ हे ध्येय झाले. पहिले मोजता येत नाही, दुसरे येते.

हा भेद आधुनिक मानसशास्त्रानेही दाखवून दिला आहे. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या संशोधकांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केलेल्या दीर्घ अभ्यासाचा निष्कर्ष असा की, ‘जमेल तितके उत्तम करा’ असे सांगण्यापेक्षा नेमके आणि काहीसे कठीण असे उद्दिष्ट समोर ठेवल्यास माणसाच्या हातून अधिक काम होते. मात्र त्याला अटी आहेत. ते उद्दिष्ट माणसाने मनापासून स्वीकारलेले असावे, ते त्याच्या कुवतीच्या अगदी बाहेरचे नसावे, आणि आपण कोठवर आलो हे त्याला वेळोवेळी कळत राहावे. पै-पैचा हिशोब ठेवणाऱ्या गणिताच्या अध्यापकाला ही तिसरी अट कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

आता सवयीचा विचार करू. पुण्यात प्लेगने हाहाकार माजविल्यानंतर १९०० मध्ये आश्रम शहरापासून सुमारे चार मैलांवरील हिंगणे या माळरानावरच्या जागी हलविण्यात आला. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी जमीन दिली आणि तिच्यावर एक साधी झोपडी उभी राहिली. कॉलेजातील अध्यापन आटोपल्यावर कर्व्यांनी सायंकाळी हिंगण्यास चालत जावे, बरोबर लागणारे जिन्नस न्यावेत, मुलींना शिकवावे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कॉलेजात हजर व्हावे, असा क्रम कित्येक महिने चालला. पावसाळ्यात ती वाट चिखलाने भरून जाई. रोज संध्याकाळी पाय उचलताना त्यांच्या मनात तीच स्फूर्ती उसळत असेल, असे मानण्याचे कारण नाही. अशा वेळी माणसाला पुढे नेतो तो ठरलेला वेळ आणि ठरलेली वाट.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथात सवयीचे मर्म सांगितले आहे. रोजच्या क्रियांचा जितका भाग सवयीच्या स्वाधीन करता येईल, तितकी मनाची वरची शक्ती खऱ्या कामासाठी मोकळी राहते. उठावे केव्हा, बसावे केव्हा, आरंभ करावा केव्हा, याचा निर्णय ज्याला दररोज नव्याने करावा लागतो, त्याची अर्धी शक्ती त्या निर्णयातच खर्च होते. नवी सवय मुरेपर्यंत एकही अपवाद होऊ देऊ नये, असा जेम्स यांचा कडक दंडक होता. या बाबतीत पुढील संशोधन थोडे दयाळू निघाले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी ९६ व्यक्तींच्या नव्या सवयींचे बारा आठवडे निरीक्षण केले आणि आपले निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध केले. सवय अंगवळणी पडण्यास लागणारा काळ मध्यम मानाने ६६ दिवस निघाला. परंतु कोणास १८ दिवस पुरेसे, तर कोणास २५४ दिवस लागतील असा अंदाज. एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्यात फारसा बाध येत नाही, असेही त्यात दिसून आले. एका चुकीने सारे मुसळ केरात गेले असे समजून जे आपला संकल्प सोडून देतात, त्यांनी ही गोष्ट अवश्य लक्षात ठेवावी.

सवयीचा आणखी एक उपयोग असा की, ती ध्येयाला वाढू देते. १९१५ मध्ये जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका कर्व्यांच्या वाचनात आली. त्यावेळी ते सत्तावन्न वर्षांचे होते आणि कॉलेजातून नुकतेच निवृत्त झाले होते. त्याच वर्षाअखेर मुंबईतील सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी भारतात असे विद्यापीठ काढण्याची कल्पना मांडली, आणि १९१६ मध्ये ते अवघ्या पाच विद्यार्थिनींनिशी सुरूही झाले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्यास पंधरा लाख रुपयांची देणगी दिली, आणि त्यांच्या मातोश्रींच्या नावाने ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ म्हणून प्रसिद्धीस आले. एकाहत्तराव्या वर्षी, १९२९ मध्ये, कर्वे विद्यापीठाच्या प्रचारासाठी जगाच्या प्रवासास निघाले. १९३६ मध्ये खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी मंडळ काढले; १९४४ मध्ये समता संघ. १९५८ मध्ये, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न हा सन्मान लाभला. झोपडीपर्यंत चालत जाण्याची सवय नसती, तर विद्यापीठाची पुस्तिका वाचून ते इतरांप्रमाणे हळहळले असते आणि ती बाजूला ठेवली असती.

तथापि या चित्राची दुसरी बाजू सांगितली नाही तर ते अपुरे राहील. ध्येयवादी पुरुषाच्या दिनक्रमाचा भार बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर पडतो. मिळकत आश्रमाकडे वळत असता घर चालविण्याची विवंचना आनंदीबाईंनी वाहिली. त्यांच्या ‘माझे पुराण’ या आत्मकथनात ती बाजू वाचावयास मिळते. त्यांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले स्वतः विधवा असून आश्रमासाठी गावोगाव हिंडल्या आणि निधीसाठी अमेरिकेपर्यंत गेल्या. दात्यांचे औदार्य, सहकाऱ्यांची निष्ठा आणि निरोगी दीर्घायुष्य हेही यशाचे घटक होते. केवळ निश्चय आणि शिस्त यांच्या बळावर कोणीही काहीही साधू शकतो, असा उपदेश म्हणूनच अर्धसत्य ठरतो. ज्याच्या घरी रोजच्या भाकरीची भ्रांत आहे किंवा ज्याच्या शरीराला व्याधीने ग्रासले आहे, त्याच्या अपयशाला आळस म्हणणे अन्यायाचे होय. साताऱ्याला नाकारला गेलेला मुलगा काही आळशी नव्हता.

असे असले तरी, परिस्थितीने जेवढी जागा मोकळी ठेवली असेल तेवढ्या जागेत काय करावे, हा प्रश्न प्रत्येकापुढे उरतोच. त्याचे उत्तर या आयुष्यातून पुरेसे स्पष्ट मिळते. स्फूर्तीची वाट पाहत न बसता जवळचे एखादे उपयुक्त काम हाती घ्यावे. ते मोजता येईल अशा शब्दांत स्वतःपुरते लिहून ठेवावे. दिवसातील एखादी ठरलेली वेळ, मग ती अर्ध्या तासाची का असेना, त्यासाठी राखावी आणि ती दुसऱ्या एखाद्या नित्यक्रमाला जोडून द्यावी. चुकलेल्या दिवसाचे सुतक न पाळता दुसऱ्या दिवशी पुन्हा आरंभ करावा. महिन्याकाठी हिशोब पाहावा, आणि अनुभवाने ध्येय बदलावेसे वाटले तर ते बदलण्याची लाज बाळगू नये. त्याचबरोबर आपल्या या नियमाची झळ घरात कोणाला लागत आहे, याचीही विचारपूस करावी. इतके करूनही विद्यापीठ उभे राहील असे नाही. परंतु वर्षभराने मागे वळून पाहताना चार मैलांची एखादी वाट आपल्याही पायाखालून गेल्याचे ध्यानात येईल, आणि ज्या ध्यासाच्या अभावी आरंभी हात आखडला होता, तो त्या वाटेवरच कोठेतरी आपल्याला येऊन मिळालेला असेल.