संघ बदलतो, निष्ठा का टिकते?

२९ जुलै १९११ रोजी कोलकात्याच्या मोहन बागान क्लबने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या सैनिकांच्या संघाला २-१ असे हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली. त्या दिवशी मैदानावर असलेल्यांपैकी आज कोणीही हयात नाही. पुढच्या शंभराहून अधिक वर्षांत क्लबचे खेळाडू, प्रशिक्षक, पदाधिकारी कितीतरी वेळा बदलले. तरीही या क्लबचा आजचा तरुण चाहता 'आम्ही गोऱ्यांना हरवले' असे सहज म्हणून जातो. हे 'आम्ही' म्हणजे नेमके कोण? आणि सगळेच बदलत असताना निष्ठा कशावर टिकून राहते?

'आपण' जिंकलो, 'ते' हरले

सामना जिंकल्यावर 'आपण जिंकलो' आणि हरल्यावर 'ते हरले' असे बोलणारे लोक आपल्या ओळखीचे आहेत. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच सवयीचा अभ्यास करून १९७६ साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी सात विद्यापीठांत दर सोमवारी विद्यार्थ्यांचे कपडे पाहिले. आपला संघ जिंकल्यानंतरच्या सोमवारी विद्यापीठाचे नाव किंवा चिन्ह असलेले कपडे जास्त विद्यार्थ्यांच्या अंगावर दिसले.

दुसऱ्या प्रयोगात विद्यार्थ्यांना दूरध्वनीवरून काही प्रश्न विचारले. उत्तरे कशीही असोत, काहींना 'तुम्ही चांगले गुण मिळवलेत' असे, तर काहींना 'तुम्हाला फारसे जमले नाही' असे सांगितले. मग विद्यापीठाच्या एका सामन्याविषयी बोलते केले. जिंकलेल्या सामन्याविषयी बोलताना 'आम्ही' हा शब्द जास्त आला. हा फरक मुख्यतः 'जमले नाही' असे ऐकलेल्यांत दिसला. स्वतःची प्रतिमा डागाळली की माणूस दुसऱ्याच्या यशाचे तेज अंगावर घेऊ पाहतो, असा त्याचा अर्थ.

पण यातून सुखाच्या दिवसांतले सोबती समजतात. वर्षानुवर्षे हरणाऱ्या संघाला न सोडणारा चाहता समजत नाही.

गट बनायला किती कारण लागते?

हेन्री ताजफेल यांनी १९७०च्या सुमारास इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे १४-१५ वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. मुलांना काही चित्रे दाखवली आणि 'तुम्हाला क्ली या चित्रकाराची चित्रे आवडतात', 'तुम्हाला कांडिन्स्कीची' असे सांगून दोन गट पाडले. प्रत्यक्षात गट चिठ्ठ्या टाकून पाडावेत तसे पाडले होते. आपल्या गटात आणखी कोण आहे हेही मुलांना ठाऊक नव्हते. मग प्रत्येकाने इतर मुलांना गुण वाटायचे होते. त्या गुणांचे पैसे मिळणार होते. स्वतःला काहीच घेता येत नव्हते. तरीही बहुतेकांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. एवढेच नव्हे, तर आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालेल पण दुसऱ्या गटापेक्षा पुष्कळ जास्त मिळावे, असाही कल दिसला.

इतक्या क्षुल्लक कारणावरून आपपर भाव जागा होत असेल, तर घराणे, पेठ, गाव आणि बालपणीच्या आठवणी यांनी बांधलेल्या गटात तो किती घट्ट असेल! कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमी आणि मंडळांच्या नावाने खेळतात. तिथे संघ निवडण्याचा प्रश्न सहसा पडतच नाही. आपण कुठे राहतो यावरून तो आधीच ठरलेला असतो.

पराभवानंतरही लोक का टिकतात, याचे एक संभाव्य स्पष्टीकरण ॲरन्सन आणि मिल्स यांच्या १९५९ सालच्या प्रयोगात सापडते. एका चर्चामंडळात प्रवेश मिळवण्यासाठी काही विद्यार्थिनींना अवघडून टाकणारी परीक्षा द्यावी लागली, काहींना सौम्य, तर काहींना काहीच नाही. नंतर ऐकवलेली चर्चा मुद्दाम कंटाळवाणी ठेवली होती. जिने जास्त त्रास सोसला तिला तीच चर्चा अधिक चांगली वाटली. सोसलेले फुकट गेले असे मानणे मनाला जड जाते. उन्हापावसात बसून पाहिलेले पराभव चाहत्याला संघाशी अधिकच बांधून टाकत असावेत, असे यावरून म्हणता येईल.

काय बदललेले चालते?

आपल्या रक्तातील तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, मग त्यांची जागा नव्या पेशी घेतात. तरी माणूस तोच राहतो. क्लबचे खेळाडू असेच येतात आणि जातात. त्याचे कोणाला काही वाटत नाही. पण काही गोष्टींना हात लावला की चाहते खवळतात. त्या कोणत्या, हे तीन उदाहरणांवरून पाहू.

वेल्समधील कार्डिफ सिटी क्लबचा रंग निळा. २०१२ साली मालकांनी तो बदलून लाल केला. पुढच्याच वर्षी लाल पोशाखात क्लब आपली स्पर्धा जिंकून इंग्लंडच्या सर्वोच्च साखळीत पोहोचला. केवळ यशच हवे असते, तर चाहत्यांनी लाल रंग डोक्यावर घेतला असता. त्यांचा विरोध मात्र चालूच राहिला आणि जानेवारी २०१५ मध्ये निळा रंग परत आला.

लंडनच्या विंबल्डन क्लबला मिल्टन कीन्स या दूरच्या शहरात जाण्याची परवानगी २००२ साली मिळाली. कायद्याने क्लब तिकडे गेला, पण पुष्कळ चाहते गेले नाहीत. त्यांनी त्याच वर्षी स्वतःचा एएफसी विंबल्डन हा क्लब काढला, अगदी खालच्या पायरीपासून सुरुवात केली आणि २०११ साली तो देशाच्या मुख्य साखळीत नेला. २०२० साली हा क्लब आपल्या जुन्या मैदानाच्या परिसरात परतला.

मोहन बागानचा फुटबॉल संघ २०२० साली एटीके या संघाबरोबर एकत्र आला आणि नावापुढे ती तीन अक्षरे लागली. ती काढावीत म्हणून चाहत्यांनी मोहीम चालवली. मार्च २०२३ मध्ये संघाने इंडियन सुपर लीग जिंकली, त्याच वेळी ती अक्षरे काढण्याची घोषणा झाली.

रंग, ठिकाण, नाव. यांचा गोल होण्याशी काहीही संबंध नाही. पण आजोबांचा क्लब आणि नातवाचा क्लब एकच आहे, हे याच खुणांवरून कळते. म्हणून खेळाडू बदलला तर संघ बदलतो. खूण पुसली तर 'आम्ही' पुसल्यासारखे वाटते.

रेघ कुठे ओढायची?

या भावनेची दुसरी बाजूही आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात प्रेक्षकांत हाणामारी आणि चेंगराचेंगरी होऊन १६ जण मरण पावले.

मग निष्ठा घातकच म्हणायची का? मार्क लेविन आणि सहकाऱ्यांचा २००५ सालचा प्रयोग वेगळे सुचवतो. मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांना आधी आपल्या क्लबविषयी लिहायला लावले. नंतर वाटेत एक तरुण घसरून पडल्याचा बनाव केला. त्याच्या अंगात युनायटेडचा शर्ट असेल तर मदत भरपूर मिळाली. लिव्हरपूलचा किंवा साधा असेल तर कमी. दुसऱ्या वेळी चाहत्यांना 'फुटबॉलप्रेमी' म्हणून लिहायला लावले. तेव्हा लिव्हरपूलचा शर्ट घातलेल्यालाही जवळपास तितकीच मदत मिळाली. मात्र साध्या शर्टवाल्याच्या वाट्याला ती कमीच आली. 'आपण'ची रेघ पुढे सरकली, पण नाहीशी झाली नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात हेच उघड्यावर दिसले. आर.जी. कर रुग्णालयातील तरुण डॉक्टरच्या हत्येने शहर पेटले होते. १८ ऑगस्टचा ड्युरँड कपमधील मोहन बागान–ईस्ट बंगाल सामना सुरक्षेच्या कारणाने रद्द झाला. तेव्हा दोन्ही क्लबांचे चाहते आपापले रंग घेऊन स्टेडियमबाहेर जमले आणि एकत्र न्याय मागू लागले. कोणी आपली निष्ठा सोडली नव्हती.

शाळेत आपणही लाल, निळा, हिरवा असे गट पाडतो. ताजफेल यांचा प्रयोग पाहता, हे वाटते तितके साधे काम नाही. गट वर्षभर तेच ठेवायचे, की अधूनमधून मोडून नवे करायचे? सगळे गट मिळून पुरे करतील असे काम किती वेळा द्यायचे? याचा विचार व्हावा. आणि एक प्रयोग विद्यार्थ्यांकडून सहज करून घेता येईल. मोठ्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेत ऐकू येणारी वाक्ये वहीत टिपायची, बोलणाऱ्याचे नाव न लिहिता. जिंकल्यावर 'आपण' किती वेळा आले, हरल्यावर 'ते' किती वेळा, हे मोजायचे. दहा-बारा सामन्यांची नोंद झाली की तक्ता मांडून वर्गात चर्चा करता येईल. हरल्यावरही 'आपण हरलो' म्हणणारे किती निघतात, ते जरूर पाहावे.